कँडी साखर (बेल्जियन बिअर)
बेल्जियन धाटणीच्या बिअरमध्ये माल्टच्या जोडीला घातली जाणारी, मुख्यतः शुगर बीटपासून केलेली साखर. यीस्ट ती जवळजवळ पूर्ण आंबवते. त्यामुळे मद्यार्क वाढतो, पण बिअर जड होत नाही. बेल्जियममधील वेस्टमाले मठाची ‘ट्रिपेल’ ही बिअर (१९३४) फिकट माल्ट व साखरेवर उभी आहे. ‘डुब्बेल’ या बिअरचा गडद रंग आणि मनुकांसारखा स्वाद मोठ्या प्रमाणात काळ्या कँडी पाकातून येतो. घरी बिअर करण्याच्या संचात माल्ट अर्काच्या डब्यासोबत १ किलो साखर घालण्याची सूचना अनेकदा असते. ती तशीच पाळली तर बिअर पातळ लागते. निम्म्याहून अधिक साखरेऐवजी फिकट सुका माल्ट अर्क घ्यावा. आंबणाऱ्या शर्करांत साखरेचा वाटा १० ते २० टक्के पुरतो. ट्रिपेलसाठी कँडी साखरेचे महागडे पांढरे खडे घेण्याचे मात्र कारण नाही. साधी साखर तेच काम करते.