जस्ताची माती आणि पाइनची मुळे

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातली गोष्ट. बर्लिनच्या कृषि महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आल्बर्ट बेर्नहार्ट फ्रांक यांच्यावर प्रशियाच्या सरकारने एक कामगिरी सोपवली. ट्रफल नावाचे जमिनीत वाढणारे कवक फ्रेंच खवय्यांच्या ताटात मोठ्या दिमाखाने मिरवत असे. त्याची लागवड आपल्याकडे करता येईल काय, याचा त्यांनी छडा लावायचा होता. ट्रफलच्या बागा काही उभ्या राहिल्या नाहीत. परंतु ओक, बीच, हेझेल या झाडांची मुळे उकरून पाहताना फ्रांकना भलतेच काही दिसले. अन्न शोषणारी जी अगदी बारीक मुळे, त्यांच्या टोकांवर बुरशीचा मोजा चढवल्यासारखा होता. तोही एखाद्या रोगट झाडावर नव्हे, तर निरोगी, डेरेदार झाडांवर! १८८५ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला, बुरशी आणि मूळ यांच्या या जोडीला ‘मायकोऱ्हायझा’ हे नाव दिले, आणि बुरशी ही झाडाची दूध पाजणारी दाई आहे असे सांगून टाकले.

विद्वानांना हे रुचले नाही. बुरशी म्हणजे कुजवणारी, पिके नासवणारी. ती दाई कशी होईल? विरोधकांत रोबेर्ट हार्टिग हे वृक्षरोगांचे मोठे जाणकार होते. गंमत अशी, की त्यांचेच वडील थेओडोर हार्टिग यांनी १८४० साली पाइनच्या मुळांतल्या पेशींभोवतीचे एक नाजूक जाळे रेखाटून ठेवले होते. ते बुरशीचे आहे हे त्यांना उमगले नव्हते. आज ते ‘हार्टिगचे जाळे’ म्हणूनच ओळखले जाते! पुढे स्वीडनच्या एलियास मेलिन यांनी १९२० नंतरच्या वर्षांत निर्जंतुक काचपात्रांत रोप आणि बुरशी यांची गाठ घालून दिली, आणि १९५० साली किरणोत्सर्गी फॉस्फरस बुरशीच्या तंतूंवाटे पाइनच्या रोपात पोहोचतो हे दाखवले. तेव्हा कुठे फ्रांकची बाजू पक्की झाली.

पण मला ज्या प्रश्नाने धरून ठेवले तो याच्या पुढचा. दाई दूध पाजते हे खरे. परंतु विहिरीतच विष असेल तर? जी वाट फॉस्फरसची, तीच जस्ताची, तांब्याची, कॅडमियमची ठरणार नाही काय?

१९५२ साली ब्रॅडशॉ यांनी वेल्समधल्या शिशाच्या जुन्या खाणीवर उगवणारे गवत तपासले. शेजारच्या कुरणातले त्याच जातीचे गवत जिथे मरे, तिथे हे तग धरी. गवताच्या पिढ्या भराभर उलटतात. निवड होते, वंश सुधारतो. झाडाला तेवढी उसंत कुठे? पाइनची एक पिढी म्हणजे माणसाचे अर्धे आयुष्य.

उत्तराची पहिली खूण मिळाली ती झाडात नव्हे, झुडपात. १९८१ साली शेफील्डच्या ब्रॅडली, बर्ट आणि रीड यांनी हेदरची काही रोपे बुरशीसह आणि काही बुरशीविना वाढवून त्यांना तांबे व जस्त पाजले. बुरशीविना वाढलेल्या रोपांची मुळे खुंटली आणि धातू पानांपर्यंत चढला. बुरशीवाल्यांत तो बहुतांशी मुळांतच अडकून पडला. १९८५ साली ब्राउन आणि विल्किन्स यांनी भूर्जाच्या बाबतीत असेच दाखवले. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या त्या भूर्जाचे हे युरोपातले भाऊबंद. जस्त बुरशीच्या तंतूंच्या भिंतींना आणि त्यांवरच्या बुळबुळीत लेपाला चिकटून राहते. उंबरठ्यावर दाराआडच थोपवलेला पाहुणा म्हणा ना!

यापुढचा अध्याय बेल्जियममधल्या लोमेलचा, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. तिथल्या वाळवंटी माळावर विसाव्या शतकात जस्ताच्या कारखान्याने कित्येक दशके धूर ओकला. माती जस्त-कॅडमियमने इतकी भरली, की मोठ्या पट्ट्यात हिरवे पान राहिले नाही. तरीही कडेकडेने पाइन उभे होते, आणि त्यांच्या पायाशी चिकट टोपीच्या सुइलस जातीच्या अळंब्या उगवत होत्या. यान कोल्पार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अळंब्यांची बुरशी प्रयोगशाळेत वाढवली. स्वच्छ रानातली बुरशी ज्या जस्ताने गारद होई, त्यात लोमेलची बुरशी खुशाल वाढली. शंभर वर्षांच्या आत बुरशीने नवा वंश घडवला होता. ही बुरशी जस्त पोटात साठवून ठेवत नाही. पेशीत शिरलेले जस्त बाहेर लोटते. २००४ साली असा जस्त सोसणारा वंश पाइनच्या रोपांना जोडून दिला, तेव्हा विषारी पाण्यातही रोपांना नत्र-फॉस्फरस मिळत राहिले. साध्या बुरशीने मात्र ऐनवेळी हात टेकले. झाड जे शिकू शकले नाही ते त्याच्या वतीने बुरशी शिकली!

इथे माझ्यासारख्या हौशी वाचकाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण आवरते घेतलेले बरे. सगळ्याच बुरशी पहारेकरी नसतात. आंबा-बाभळीपासून ज्वारीपर्यंत आपल्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांत वेगळ्या प्रकारची, पेशीत शिरणारी बुरशी असते. मातीत जस्त कमी असेल तर ती ते ओढून आणते. अतोनात असेल तेव्हा पुष्कळदा अडवते. आणि पॉप्लर? २०१४ सालच्या एका अभ्यासात पॅक्सिलस नावाच्या बुरशीने पॉप्लरमध्ये उलट अधिक कॅडमियम ओढून आणले. झाड मात्र ते सोसून निरोगी राहिले. म्हणजे विषारी माती साफ करू पाहणाऱ्याला ही जोडी हवीशी, तर माळ नुसता हिरवा करू पाहणाऱ्याला नकोशी. कारण पॉप्लरची पाने शरद ऋतूत गळतात, आणि मुळांनी खालून उपसलेले कॅडमियम त्या पानांतून पुन्हा जमिनीवर येऊन पडते. ती पाने वेळीच गोळा करून न्यायची आणि कुठे टाकायची, हे रोपे लावण्यापूर्वीच ठरवावे लागते.