एका नाण्याची प्रतिज्ञा

खेळ म्हणजे श्रमपरिहार, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. दिवसभर राबलेल्या मनुष्यानें जेथें घटकाभर विसावावें, तेथेंच त्यास दोन मिनिटांत तीन वेळां मरण यावें आणि तरीहि त्यानें पुनः खिशांत हात घालावा, हा प्रकार प्रथमदर्शनीं वेडेपणाचाच वाटतो. नाणें टाकून चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवरील गोळीबाराचे खेळ हा वेडेपणा चाळीसांहून अधिक वर्षें पोशीत आले आहेत. या खेळांचें काठिण्य कशांतून उपजलें आणि त्या काठिण्याची गोडी कां लागली, हे दोन निराळे प्रश्न आहेत व त्यांचीं उत्तरेंहि निराळीं आहेत, असें आम्हांस वाटतें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराच्या गल्ल्यांत आहे. यंत्राचा मालक तासावर पैसे घेत नसे. तो नाण्यावर घेई. एकच खेळाडू दीर्घ काळ यंत्र अडवून बसला तर मालकाचें नुकसान. तो लवकर मेला तर पुढील गिऱ्हाइकास जागा मोकळी. मरण हें त्या दुकानांत जागेचें भाडेंच होतें. १९७८ सालीं जपानमधील टायटो कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यांत ५५ शत्रूंची फौज पडद्यावरून हळूहळू खालीं उतरे. इतक्या आकृति एकदम हलविणें त्या काळच्या यंत्रास जड जाई. शत्रु मरत जात तसतसें त्याचें ओझें हलकें होई आणि उरलेले शत्रु अधिकाधिक वेगानें धांवूं लागत. निशिकादो यांनीं हा दोष दूर केला नाहीं, तसाच ठेविला. विजय जवळ येतो तसें संकट वाढतें, हा या खेळांचा पुढील सर्व काळचा धर्म अशा रीतीनें यंत्राच्या दुबळेपणांतून जन्मास आला.

अमेरिकेंत १९८० सालीं विल्यम्स कंपनीच्या यूजीन जार्विस यांनीं सहकाऱ्यांसह 'डिफेंडर' रचिला, तेव्हां या काठिण्यास बुद्धिपुरस्सर रूप आलें. विमान वर-खालीं नेण्यास एक दांडा, आणि पुढें रेटणें, दिशा फिरविणें, गोळी झाडणें, बाँब टाकणें व आणीबाणींत एके ठिकाणीं गुप्त होऊन दुसरीकडे प्रगट होणें, यांसाठीं ५ बटणें, असा त्याचा सरंजाम होता. पडद्यावर दिसे तो रणभूमीचा केवळ एक तुकडा. बाकीची खबर वरच्या चिमुकल्या नकाशावरून घ्यावी लागे. जमिनीवर १० निराधार माणसें असत. शत्रु त्यांतील एकास उचलून आकाशाच्या माथ्यापर्यंत पोंचला, कीं तो अधिक हिंस्र होऊन खेळाडूवर उलटे. इतका अवघड खेळ कोण खेळेल, अशी शंका धंद्यांतील लोकांस आली होती. प्रत्यक्षांत त्याचीं ५०,००० हून अधिक यंत्रें खपलीं. आणि दर १०,००० गुणांस एक जादा विमान मिळत असल्यामुळें निष्णात खेळाडू पाव डॉलरच्या एकाच नाण्यावर तासन् तास खेळत राहूं लागले. गल्ला भरण्यासाठीं उभारलेल्या भिंतीवर गिऱ्हाईक चढून बसलें!

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. हें यंत्र निर्दय आहे, पण पक्षपाती नाहीं. तें श्रीमंतास सवलत देत नाहीं व नवख्याची दया करीत नाहीं. त्याचा कायदा काल होता तोच आज असतो. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरणें ठाऊक होतें, बाहेर पडणें ठाऊक नव्हतें, आणि त्यास दुसरी संधि मिळाली नाहीं. येथें प्रत्येक मरण व्यूहाचा एक पदर उलगडून दाखवितें. आपण मेलों तें आपल्याच चुकीनें, ही जाणीव दुःखद खरी. परंतु चूक आपली असेल तर सुधारणाहि आपल्याच हातीं असते. व्यवहारांत इतका स्वच्छ न्याय किती जणांस लाभतो?

जपानमधील कारागिरांनीं हें मर्म पूर्णपणें ओळखिलें. टोआप्लान ही कंपनी १९९४ सालीं बुडाली. तिच्यांतील मंडळींनीं केव्ह ही नवी कंपनी काढिली, व तिचा 'दोदोनपाची' हा खेळ १९९७ सालीं आला. या जातीच्या खेळांस जपानी भाषेंत 'दानमाकु', म्हणजे गोळ्यांचा पडदा, असें म्हणतात. शेंकडों गोळ्या फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें पसरत येतात; पाहणारास वाटतें, वांचणें अशक्य. परंतु विमानाच्या मध्यावरील अगदीं लहानसा भागच काय तो मर्त्य असतो, आणि बहुतेक गोळ्या मंदगति असतात. वाट अरुंद असते. पण ती असते. दिसण्यांतील अशक्यता व असण्यांतील शक्यता यांमधील अंतर सरावानें कापणें, हाच येथील आनंद होय. गवई अवघड पलटा शंभरदां घोटतो तो याच आनंदासाठीं.

या मार्गानें हानिहि झाली, हें नाकारतां येत नाहीं. निष्णातांस थोपविण्यासाठीं खेळ अधिक कठीण करावे, त्यामुळें नवखे पांगावे, आणि उरलेल्या थोडक्यांसाठीं ते आणखी कठीण व्हावे, अशी ही उतरण होती. १९९१ नंतर 'स्ट्रीट फायटर टू'सारख्या द्वंद्वाच्या खेळांनीं दुकानांतील जागा बळकाविल्या. केव्हनें या मालिकेंतील शेवटचा दुकानी खेळ २०१२ सालीं काढिला. जी कला नव्या शिष्यास दारांतच दरडावते, तिचें घराणें आटणारच.

तथापि एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. आज हे खेळ घरीं खेळतां येतात. तेथें मेल्यावर बटण दाबलें कीं पुनः जीव मिळतो, व खर्च कांहींच येत नाहीं. असें असूनहि जाणता खेळाडू ती सवलत घेत नाहीं. एका नाण्यांत आरंभापासून शेवटापर्यंत जाणें, यासच तो खेळ पुरा करणें समजतो. दुकान गेलें, गल्ला गेला, नाणें गेलें. पण नाण्यानें घातलेली मर्यादा त्यानें आपखुशीनें स्वतःवर ठेवून घेतली. पैशासाठीं लादलेला नियम लोक अब्रूसाठीं पाळूं लागले, हा फरक या खेळांच्या यंत्ररचनेपेक्षां आम्ही अधिक मोलाचा मानतों.