मूळ भाग मिळेनासा झाला म्हणजे

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां भारतांत ऑल इंडिया रेडिओचीं केंद्रें अवघीं सहा होतीं. संस्थानांतून आणखी पांच चालत; त्यांपैकीं एक निजामाच्या राज्यांत औरंगाबादेस होतें. आज छत्रपती संभाजीनगरांत सामावलेली मुकुंदवाडी तेव्हां शहराबाहेरचें खेडें होतें. त्या काळचा एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ आज तेथील एखाद्या घराच्या माळ्यावरून खालीं उतरला, तर तो पुन्हां बोलता कसा करावा? त्याचे बहुतेक मूळ भाग आतां कोणी बनवीत नाहीं.

ही अडचण नवी नव्हे. महायुद्धामुळें अमेरिकेनें एप्रिल १९४२ मध्यें घरगुती रेडिओंचें उत्पादन थांबविलें. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास आरंभ केला तो १९६१ सालीं. तोंपर्यंत आपली मुख्य भिस्त परदेशी मालावर. तेव्हां पर्याय शोधणें हें येथील कारागिराच्या विद्येचें अंगच होतें.

त्या विद्येचें सूत्र असें, कीं भागाचें नांव पाहूं नये, काम पाहावें. ‘८०’ या रेक्टिफायर व्हॉल्व्हचें काम ‘५वाय३’ हा व्हॉल्व्ह तंतोतंत करतो. फरक केवळ पायांच्या रचनेचा. बैठक बदलली कीं काम झालें. परंतु त्याच जागीं सिलिकॉनचा डायोड बसविला तर? व्हॉल्व्हमध्यें विजेचा बराच दाब खर्च होतो, डायोडमध्यें जवळजवळ होतच नाहीं. तो वाढलेला दाब जुन्या कंडेन्सरांना सोसत नाहीं. ते फुटतात, आणि प्रसंगीं ट्रान्सफॉर्मरही जळतो. म्हणून डायोडासोबत योग्य रेझिस्टर जोडावा व कंडेन्सर आधीं बदलावे.

ट्रान्झिस्टरांचेंही तसेंच. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरास जागें करण्यास सुमारें ०.२ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनच्यास ०.६ लागतात. केवळ आकार जुळला म्हणून अदलाबदल केली, तर आवाज फाटतो.

सारांश, चुकीचा पर्याय शिल्लक राहिलेले मूळ भागही घेऊन जातो. म्हणून काढलेला भाग टाकूं नये. काय बदललें, केव्हां बदललें, हें चिठ्ठीवर लिहून ती पेटींत ठेवावी. पुढें तो रेडिओ उघडणाऱ्या कारागिरास तीच चिठ्ठी वाट दाखवील.