खटाव-माणच्या गुरांचे मीठ

खटाव तालुक्याचे ठाणे वडूज हे येरळा नदीकाठी असले, तरी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडते. चैत्र-वैशाखात नदीचे पात्र कोरडे होते आणि गुरांपुढे कडब्यावाचून फारसे काही उरत नाही. या भागातील पशुपालनाचा इतिहास बहुधा चारा-पाण्याच्या टंचाईचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मिठाचा उल्लेख त्यात ओझरताच येतो, व ही उणीव लहान नव्हे.

उन्हाळ्यात गाय धापा टाकते, लाळ गाळते. घाम व मूत्र यांवाटे सोडियम आणि पोटॅशियम तिच्या शरीरातून जातात. त्याच वेळी तिचे खाणेही घटते. ज्वारीच्या कडब्यात सोडियम मुळातच अल्प असते. अशा स्थितीत भिंती चाटणारे जनावर खोडकर नसून गरजू असते.

ही गरज भागविण्याचा खर्च राज्यकर्त्यांनी वाढविला. १८७६-७८ च्या दुष्काळाची झळ सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागास विशेष लागली. नेमक्या त्याच काळात, १८७७ च्या अखेरीस, मुंबई इलाख्यातील मिठावरील कर मणास १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपये झाला. एका जनावरास दररोज २५ ग्रॅम मीठ धरल्यास वर्षास सुमारे ९ किलो, म्हणजे बंगाली मणाचा जवळजवळ चौथा हिस्सा लागतो. त्यावरील नुसता कर दहा आण्यांच्या घरात जातो. एक गाय व एक बैलजोडी मिळून वर्षाचा बोजा पावणेदोन रुपयांहून अधिक. मिठाची किंमत व घाट चढवून आणण्याचे भाडे वेगळेच. घरच्या जेवणातील मीठ सहसा तोडता येत नाही. दावणीचे मात्र तोडता येते. मीठकराच्या चर्चेत माणशी भार मोजला गेला, पण दावणीचा हिशेब क्वचितच मांडला गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकी भाषणात हा कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ ते १९०७ या काळात तो टप्प्याटप्प्याने १ रुपयावर आला, पुढे पुन्हा वाढला आणि १९४७ मध्ये रद्द झाला.

कर गेला, पुढे दावणीचे जनावरही बदलले. माणदेशी खिल्लार हे कामाचे जनावर. त्याचे दूध बेताचे. उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या संस्थेसारख्या प्रयत्नांतून संकरित गाय खेडोपाडी पोहोचली. ती उन्हास कमी टिकते, आणि दुधाच्या प्रत्येक लिटरबरोबर सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम देऊन टाकते. खड्याचे मीठ एवढ्याने तिचे भागत नाही. दररोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण देण्याची शिफारस होते, ती यामुळेच.

२०१२-१३ च्या दुष्काळात माण-खटावच्या चारा छावण्यांत ऊस व उसाचे वाढे हाच मुख्य आधार होता. वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते; जनावराचे पोट भरते, परंतु हाडांतील साठा झिजत राहतो. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, हा पशुवैद्यांचा स्वस्त उपाय याच उणिवेवरचा आहे.