पापण्यांची लेझर शस्त्रक्रिया

वरच्या पापणीची लोंबलेली कातडी किंवा डोळ्याखाली फुगून आलेली चरबी लेझरने कापून काढण्याची शस्त्रक्रिया. वैद्यकीय नाव लेझर ब्लेफरोप्लास्टी. ती बहुधा सौंदर्यासाठी होते. कातडी पापणीच्या केसांवर टेकून नजर अडवू लागली, तर मात्र ती गरजेची ठरते.

या कामी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याचे. पेशींतले पाणी या लेझरचा अदृश्य किरण शोषून घेते, त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि कातडी चिरली जाते. त्याच उष्णतेने बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे बंद होतात. रक्त कमी येत असल्याने डॉक्टरांना चरबीचे कप्पे स्वच्छ दिसतात, हा लेझरचा खरा फायदा. जखम मात्र त्यामुळे लवकर भरत नाही. उलट कडा किंचित भाजलेल्या असल्याने टाके कधी थोडे जास्त दिवस ठेवावे लागतात.

बुबुळावर धातूचे कवच बसवल्याशिवाय लेझर सुरू करत नाहीत. वर छेद पापणीच्या घडीत घेतात, खाली बहुधा पापणीच्या आतून. तिथे बाहेर व्रण दिसत नाही. किती कातडी ठेवायची, हा निर्णय सर्वांत नाजूक. जास्त काढली गेली तर डोळा पुरता मिटत नाही आणि कोरडा पडतो. ते लेझर ठरवत नाही, डॉक्टरांचा हात ठरवतो.

रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशातला चेहरा पाहून अनेकजण घाबरतात, कारण सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते. या काळात थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि उशी उंच घेऊन झोपावे. टाके साधारण आठवडाभरात निघतात, काळेनिळेपणा दोन आठवड्यांत ओसरतो. तोवर वाकून काम, जड वजन, कॉन्टॅक्ट लेन्स आणि काजळ टाळावे. डोळ्यांत कोरडेपणा किंवा पाणी येणे काही आठवडे चालते. व्रणाची लाली त्याहूनही रेंगाळते. सावळ्या कातडीवर लेझरने सुरकुत्याही घालवल्या असतील, तर डाग पडण्याची शक्यता अधिक असते, म्हणून उन्हापासून जपावे लागते. रंगद्रव्यामुळे आलेली काळी वर्तुळे या शस्त्रक्रियेने जात नाहीत.

एका डोळ्यात अचानक तीव्र ठणका, डोळा पुढे आल्यासारखा ताण किंवा अंधारी आली, तर रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. डोळ्यामागे रक्त साचल्याची ही लक्षणे असू शकतात, आणि उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.