मानेवरचे जू

मराठी भाषेने ‘मान’ हा एकच शब्द दोन गोष्टींना देऊन ठेवला आहे. डोके जिच्यावर तोलून धरलेले असते ती मान. आणि चारचौघांत ज्याच्यासाठी माणूस हट्टाला पेटतो, प्रसंगी घरदार गहाण टाकतो, तोही मानच. व्युत्पत्तीच्या पंडितांना या दोहोंची कुळे निराळी लावता येतील; पण लग्नमांडवात रुसून बसलेल्या व्याह्याकडे पाहिले की दोन्ही माना एकाच जागी ताठ झालेल्या दिसतात. प्रस्तुत लेखात ज्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे, तिच्या बाबतीत या दोन मानांचे भांडण जुंपले होते. ते पंधरा-वीस वर्षे चालले, आणि त्यात हरलेल्या मानेबरोबर काही माणसेही गेली.

विषय मोटारींच्या शर्यतीचा आहे. अनारसे-चकली खात वाचावयास तो काहींना परका वाटेल. वस्तुतः तसा तो नाही. शर्यतीचे वेड आमच्या मातीत जुने आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती उठली आणि २०२३ च्या मेमध्ये राज्याचा कायदा न्यायालयाने ग्राह्य धरला; या नऊ वर्षांत गावोगावच्या पारांवर या एका प्रश्नाचा जेवढा काथ्याकूट झाला तेवढा दुष्काळाचाही झाला नसेल. प्रवासाचे म्हणाल, तर तो आमच्या अणदूरच्या खंडोबालाही चुकलेला नाही. सव्वादहा महिने देव अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात, असा त्याचा वार्षिक क्रम आहे. गावाला लागून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो. त्यावरून भरधाव जाणाऱ्या गाड्या पाहत वाढलेल्या मुलांपैकी एखाद्याला वेगाची बाधा झाली तर नवल नाही. अशी बाधा झालेले हौशी तरुण आता रस्त्यावर न धावता मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईला, कोइमतूरच्या करी ट्रॅकला, दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला जातात, प्रवेशमूल्य भरतात आणि स्वतःची गाडी बंद धावपट्टीवर मनसोक्त पळवितात. हे चांगलेच आहे. पण तेथे जाताना टायर कोणते, ब्रेक कोणते, याचा खल महिनाभर करणारा हौशी गडी मानेचा विचार मात्र शेवटी करतो. पुष्कळदा करीतच नाही.

मानेवर येते काय, याचा हिशेब सातवीच्या मुलालाही करता येईल. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे. त्यावर दीड किलोचे शिरस्त्राण. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळून अवघ्या ६० सेंटिमीटरांत थांबली, तर गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे ६५ पट जोर येतो. साडेसहा किलोला पासष्टाने गुणा; उत्तर चार क्विंटलांच्या वर जाते. चार क्विंटल तूर क्षणभर मानेला टांगली, असे समजा. धड पट्ट्याने जखडलेले असते, ते थांबते. डोक्याला कोणी धरलेले नसते. ते न्यूटनच्या आज्ञेत राहून पुढे जात राहते आणि मधल्या मध्ये मान ओढली जाते. अशा वेळी पुष्कळदा मानेचे मणके टिकतात, पण ती जेथे कवटीला मिळते तेथील, कवटीच्या बुडाचे हाड फुटते. चेहऱ्यावर ओरखडा नसतो. माणूस मात्र संपलेला असतो.

यातील विपर्यास असा की हा मृत्यू सुरक्षेच्या पट्ट्याने पुढे आणला. १९५० च्या दशकात फांजिओसारखा पाच वेळचा जगज्जेता पट्टा न बांधताच धावत असे; जळत्या गाडीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकले गेलेले बरे, असा त्या पिढीचा समज होता. १९५९ मध्ये स्वीडनच्या निल्स बोलिन या इंजिनिअराने व्होल्व्होसाठी तीन टोकांचा पट्टा तयार केला आणि कंपनीने तो साऱ्या जगाला वापरू दिला. १९७२ पासून फॉर्म्युला वन शर्यतींत दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे सक्तीचे झाले. छाती वाचली, पोट वाचले, बाहेर फेकले जाणे थांबले. धड इतके पक्के बांधले गेले की आता मोडण्यासारखी एकच जागा उरली. पट्टा वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये; पट्ट्याने आपले काम केले, आणि त्याच्यापुढचे काम उघडे पडले, इतकेच.

ते काम हाती घेणारी माणसे दोन. एक रॉबर्ट हबर्ड. हे मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक. त्याआधी जनरल मोटर्समध्ये असताना, टक्कर-चाचणीत माणसाच्या जागी बसविल्या जाणाऱ्या पुतळ्याचे डोके कसे असावे, यावरचे त्यांचे काम १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या डोक्याचा वंश अजून चालू आहे. मोटारींच्या टक्कर-चाचणीत चालकाच्या जागी जे पुतळे बसतात, त्यांतील पुष्कळांच्या खांद्यावर हबर्डांच्याच विद्येतून उतरलेले डोके असते. दुसरे त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग, अटलांटाचे, शर्यतीतले नाणावलेले चालक. १९८१ मध्ये ओहायोतील मिड-ओहायो धावपट्टीवर डाउनिंग यांचे मित्र, रेनोचे फ्रेंच चालक पात्रिक जाकमार, सरावात मातीच्या बांधावर आदळून गेले. मरणाचे कारण तेच, कवटीचे बूड. डाउनिंगनी मेहुण्याला प्रश्न टाकला: डोक्यांचा एवढा अभ्यास केलास, याला काही उपाय आहे का? घरच्या माणसाने विचारलेल्या प्रश्नाला प्राध्यापकालाही टाळता येत नाही.

हबर्डांचे उत्तर वरवर पाहता विचित्र होते. डोके गाडीला किंवा खुर्चीला बांधू नका, असे ते म्हणाले. ते चालकाच्या स्वतःच्या खांद्यांना बांधा. म्हणजे धड आणि डोके एकाच वेळी, एकाच चालीने थांबतील. आमच्या शेतकरी वाचकांना ही युक्ती समजावयास वेळ लागणार नाही. बैलाला वशिंड असते म्हणून लाकडी जू त्याच्या खांद्यावर नीट ठरते. घोड्याला वशिंड नाही. नुसता पट्टा लावून भार ओढावयास लावले तर तो गळ्याशी दाटतो. म्हणून पूर्वी चीनमध्ये आणि पुढे मध्ययुगात युरोपात, आतून मऊ भरलेले कडे घोड्याच्या गळ्यात घालण्याची रीत पडली. भार गळ्यावरून उतरून खांद्यावर आला, आणि घोडा नांगराला जुंपता येऊ लागला. हबर्डांनी माणसाच्या बाबतीत तेच केले. मानेमागे उभी राहणारी एक ताठ कमान. तिच्या दोन फांद्या दोन्ही खांद्यांवरून छातीवर उतरलेल्या. त्या फांद्यांवरून गाडीचे खांदेपट्टे घट्ट आवळलेले. आणि कमानीपासून शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या आखूड दोऱ्या. डोके पुढे झेपावले की दोऱ्या ताणतात, कमान ओढली जाते, आणि तो ओढा खांद्यांवर व पट्ट्यांवर जातो. मान मधून सुटते. एरवी दोऱ्या सैल असतात, डावी-उजवीकडे पाहता येते. या साधनाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘हॅन्स’ असा शब्द होतो. आमच्या कानाला तो ‘हंस’ असाच ऐकू येतो. आणि मानेसाठी जन्मलेल्या वस्तूला त्या पक्ष्याचे नाव शोभतेही.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर पहिला नमुना झाला. डाउनिंग स्वतः तो घालून शर्यतीत उतरू लागले. दशकाच्या शेवटी चाचणीच्या घसरगाडीवर पुतळे आदळवून पाहिले, तेव्हा मानेवरचा ताण निम्म्याहूनही पुष्कळ खाली आला. आता कारखानदार दारात रांग लावतील, असे कोणासही वाटले असते. एकही आला नाही. शेवटी मेहुण्या-मेहुण्यांनी स्वतःचीच कंपनी काढली आणि गिऱ्हाईक शोधत बसले.

गिऱ्हाईक का आले नाही, हे या इतिहासातले खरे प्रकरण. पहिले नमुने अवजड होते, हे खरे. किंमत होती, हेही खरे. पण तोंडावर सांगितली जाणारी कारणे निराळी असत: उकडते, टोचते, मान वळत नाही, गाडी पेटली तर लवकर उतरता येणार नाही. आणि या सगळ्यांच्या खाली एक न सांगितलेले कारण होते. ते घातले की मैदानातले बाकीचे गडी पाहतात, हसतात. दुसरी मान आडवी येत होती.

३० एप्रिल १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झेनबर्गर पात्रता-फेरीत भिंतीवर आदळून गेला, तीच इजा. दुसऱ्याच दिवशी तेथेच आयर्टन सेना गेला. त्याची इजा वेगळ्या प्रकारची होती, पण दोन दिवसांत दोन चिता पेटल्यावर संघटनेला झोप येईना. मर्सिडीजच्या इंजिनिअरांबरोबर शोध सुरू झाला. प्रथम हवेच्या पिशवीचा विचार झाला. मग हबर्डांचे जू अधिक साधे आणि अधिक खात्रीचे ठरले. ते कार्बन धाग्यांचे, लहान, हलके करण्यात आले.

अमेरिकेत मात्र अजून हसणे चालूच होते. मे २००० मध्ये न्यू हँपशायरच्या धावपट्टीवर ॲडम पेटी गेला. वय १९, शर्यतवीरांच्या घराण्यातली चौथी पिढी. दोनच महिन्यांनी त्याच धावपट्टीवर केनी अर्विन. ऑक्टोबरात टेक्सासमध्ये टोनी रोपर. आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या मोठ्या शर्यतीत, अखेरच्या फेरीच्या अखेरच्या वळणावर, सात वेळचा विजेता डेल अर्नहार्ट. पाहणाऱ्यांना तो अपघात फारसा मोठा वाटला नाही. याहून भयंकर टकरींतून तो हसत बाहेर आलेला लोकांनी पाहिला होता. त्याने हॅन्सला गळफास म्हटल्याचे सांगतात. ४९ वर्षांचा, साऱ्या देशाचा लाडका गडी. त्याने एकदा जरी ते जू खांद्यावर घेतले असते तरी मागून येणाऱ्या शंभर पोरांनी ते विनातक्रार घेतले असते. मला त्याच्या मृत्यूपेक्षा या गोष्टीची अधिक हळहळ वाटते. त्याच्या पट्ट्याविषयी पुढे पुष्कळ वाद झाले, ते येथे नकोत. त्या वर्षी इतर चालकांनी आपण होऊनच हे साधन घेतले. ऑक्टोबरात आणखी एक तरुण चालक अशाच टकरीत गेला, आणि त्याच महिन्यात नॅसकार संघटनेने डोके व मान धरणारे साधन सक्तीचे केले. पुढच्या २० वर्षांत तिच्या सर्वांत वरच्या मालिकेत एकही चालक शर्यतीत दगावला नाही. याचे सारे श्रेय जुवाला देणे बरोबर नाही; भिंती मऊ झाल्या, खुर्च्या सुधारल्या. पण त्याचा वाटा मोठा आहे.

फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्ती आली. काही चालकांनी खांदे दुखतात म्हणून कुरकुर केली. जून २००७ मध्ये माँट्रियल येथे पोलंडचा रॉबर्ट कुबिट्सा अशा वेगाने भिंतीवर आदळला की पाहणाऱ्यांनी आशा सोडली होती. तो मुरगळलेला घोटा आणि डोक्याला बसलेला हादरा, एवढ्यावर सुटला. मग कुरकुर ऐकू येईनाशी झाली. आपला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये या शर्यतींत उतरला तोवर प्रश्नच उरला नव्हता. पहिला भारतीय चालक तेथे पोहोचला तोच मुळी खांद्यावर जू घेऊन.

आमच्या हौशी तरुणाला मात्र सक्ती पुरेशी नाही. त्याला निवडावे लागते, आणि तेही स्वतःच्या खिशातून. बाजारात गळ्याभोवती बसणारे मऊ फेसाचे कडे थोड्या पैशांत मिळते. ते मानेला थकवा येऊ देत नाही, पण समोरच्या टकरीत चार क्विंटलांपुढे त्या कड्याचे काही चालत नाही. खऱ्या साधनावर एफआयए ८८५८ किंवा एसएफआय ३८.१ हा शिक्का असतो. दुसऱ्या शिक्क्याच्या साधनाची दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करावी लागते, म्हणून जुने विकत घेणाऱ्याने आधी तारीख पाहावी. मानेमागच्या कमानीला कोन असतो. घरच्या गाडीसारखे ताठ बसणाऱ्याला वीस अंशांच्या आसपासचा लागतो, फॉर्म्युला गाडीत रेलून बसणाऱ्याला तीस किंवा त्याहून अधिक. मित्राचे उसने आणलेले बसेलच असे नाही. चष्मा उसना घेण्यासारखेच ते आहे. शिरस्त्राणालाही दोऱ्या अडकविण्याच्या खुंट्या हव्यात. मोटारसायकलच्या शिरस्त्राणाला त्या नसतात.

सर्वांत मोठी अडचण पट्ट्याची. घरच्या गाडीचा पट्टा एकाच खांद्यावरून जातो. त्याखाली हे जू एका बाजूने मोकळे राहते आणि नेमक्या वेळी निसटते. दोन्ही खांद्यांचे पट्टे बसवावेत, तर छताखाली लोखंडी पिंजरा हवा. तो नसताना गाडी उलटली तर घट्ट बांधलेल्या माणसाला वाकायला जागा राहत नाही. ज्यांना एवढा खटाटोप परवडत नाही, त्यांच्यासाठी स्वतःचेच बंद असलेला, सदऱ्यासारखा अंगात घालावयाचा एक प्रकार निघाला आहे; त्याचे बंद छातीभोवती आवळले जातात, आणि साध्या पट्ट्याबरोबरही तो काम देतो. हौशी माणसाने आधी गाडीतला पट्टा पाहावा आणि मग दुकानात जावे. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

कोल्हापूरला मोहिते यांच्या रेसिंग अकादमीच्या धावपट्टीवर लहान मुले कार्ट चालवितात. कार्टला पट्टाच नसतो, म्हणून तेथे हॅन्सही नसते; ते फेसाचे कडेच मुलांच्या गळ्यात दिसते, आणि तेथे ते योग्यही आहे. पुढे हीच मुले पट्टा असलेल्या मोठ्या गाडीत बसतात. त्या दिवशी जुने कडे घरी ठेवून नवे जू खांद्यावर घ्यावे लागते. ते घेऊन खुर्चीत बसावे, पट्टे आवळून घ्यावेत, आणि इंजिन सुरू करण्याआधी, कोणीतरी हातात घड्याळ धरून उभे असताना, एकदा सगळे सोडवून दारातून बाहेर पडून पाहावे.