हॉलसाहेब कशासाठी आले?

१६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो आपल्या बुऱ्हाणपुरास आला, तो व्यापाराच्या सवलतींसाठी. १८१३ मध्ये अमेरिकेहून गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले, ते सुवार्तेसाठी. कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. तरी हॉल राहिले, मराठी शिकले, गावोगाव फिरले. १८२६ मध्ये नाशिकहून परतताना कॉलऱ्याने ते प्रभूकडे गेले, वय ४१. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला.

कृपेने मिळालेले तारण स्वतःपुरते ठेवता येत नाही, म्हणून ते आले. आज आपण शुभवर्तमान मायबोलीत वाचतो. आपल्या खकनार भागात कोरकू बोलणारे शेजारी आहेत. त्यांची भाषा आपण कधी शिकणार? प्रभू आपणांस तशी प्रीती देवो. आमेन.